तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा

मालकांना सगळी गल्ली मालक म्हणायची, पण बेकरी चालायची ती मालकीणबाईंच्या शब्दावर. मैदा कोणाकडून घ्यायचा, भट्टी कधी पेटवायची, बिस्किटं गोल कापायची की चौकोनी, सगळं त्या ठरवत. मालकांकडे दोनच खाती होती. एक म्हणजे जड असेल ते उचलणं. दुसरं म्हणजे पहाटे पीठ मळता मळता बायकोला आदल्या दिवशीची मालिका सांगणं. पहिल्या खात्यात त्यांची कंबर गेली होती. दुसऱ्या खात्यात अब्रू जायची वेळ आली, त्याची ही गोष्ट.

मालकीणबाईंना मतं होती. कुणाला संधिवात असतो, कुणाला मतं असतात. दोन्ही थंडीत वाढतात आणि दोन्हींवर औषध नाही. भाचीने बेकरीसाठी एक ब्लॉग काढून दिला होता. त्यावर पावांचे फोटो टाकावेत, दुकान कधी उघडं असतं ते लिहावं, एवढाच तिचा साधा हेतू. पण पावाबद्दल माणूस लिहून लिहून किती लिहिणार? पाव गरम आहे. संपलं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात मालकीणबाईंनी लिहिलं की, हल्ली पडद्यावरच्या सगळ्या नायकांच्या दाढ्या एकाच न्हाव्याने केलेल्या दिसतात, त्यामुळे नायिका बिचारी चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडली तर दोष तिचा कसा? हे लोकांना आवडलं. मग त्यांनी हल्लीच्या गाण्यांवर लिहिलं. "गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही, पण संपलं की बरं वाटतं," असं त्यांचं म्हणणं होतं. मग नटनट्यांच्या लग्नातले कपडे, बक्षीस समारंभातली भाषणं, पाच मिनिटांत स्वयंपाक शिकवणारे आणि त्यातली तीन मिनिटं स्वतःबद्दल बोलणारे लोक, कुणाला म्हणून सोडलं नाही. ब्लॉगचं नाव बदलून "माझं आपलं एक मत" झालं आणि पावाचा फोटो कोपऱ्यात सरकला.

सकाळची गिऱ्हाइकी ओसरली की त्या गल्ल्यामागे बसून लिहीत. फोनच्या काचेवर मैद्याची बोटं उठत. दुसऱ्या कुणाचं परीक्षण त्या चुकूनही वाचत नसत. "दुसऱ्याचं मत वाचलं की आपलं मत नासतं," असा त्यांचा नियम होता. नियम चांगला होता. पुढचा सगळा घोटाळा त्या नियमामुळेच झाला.

तर "मागचा जिना" नावाची एक मालिका सुरू झाली. दर शुक्रवारी नवा भाग. एक जुनी इमारत, तिला मागून एक जिना, आणि त्या जिन्यावर काहीतरी भयंकर. मालकीणबाईंनी ब्लॉगवर जाहीर करून टाकलं की मी याचा प्रत्येक भाग बघणार आणि प्रत्येक भागावर लिहिणार. आता, बेकरीवाल्या माणसाने असं जाहीर करावं का? जो माणूस जग झोपेत असताना उठून पीठ मळतो, तो जेवण झाल्यावर उशीला पाठ टेकून रहस्यकथा बघणार! मालिकेचं शीर्षकगीत संपायच्या आत मालकीणबाई झोपल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी विचारलं, "मग काय झालं हो?"

इथे मालकांनी खरं सांगायला हवं होतं. खरं एवढंच होतं की त्यांनाही थोड्याच वेळात झोप लागली होती. पण गेली कित्येक वर्षं त्यांनी बायकोला झोपेवरून चिडवलं होतं. "तू सिनेमाच्या तिकिटाचे पैसे देऊन खुर्ची भाड्याने घेतेस," हा त्यांचा आवडता विनोद. शिवाय उठल्या उठल्या ते म्हणून बसले होते, "तू घोरत होतीस. मी शेवटपर्यंत पाहिलं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! आता शेवट सांगणं भाग होतं.

त्यांना आठवत होतं ते इतकंच की तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात, हातात काठी, बोलायला तिरके, आणि ते हळूहळू मागचा जिना उतरायला लागतात. तिथे मालकांचा डोळा लागला. पण आजोबा त्यांना आवडले होते. म्हणून त्यांनी पीठ उलथंपालथं करत सांगून टाकलं की आजोबा खाली उतरले, तळमजल्यावरच्या भांडणाऱ्या भावांना काठीने दटावलं, त्यांचा समेट केला, आणि सगळे मिळून गरम पाव खायला गेले.

"रहस्य काय मग?" मालकीणबाईंनी विचारलं.

"ते अजून कळायचंय," मालक म्हणाले, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मालक दर वेळी सुरुवातीचा तुकडा बघत आणि पुढे आपल्या पदरचं घालत. दर भागात कुठे ना कुठे आजोबांचा फोटो दिसे. पोलिसांच्या टेबलावर, वर्तमानपत्रात, नातीच्या उशाशी. मालकांना वाटे, काय माणूस आहे, सगळ्यांना किती जिव्हाळा! त्यामुळे त्यांच्या सांगण्यातही आजोबाच मोठे होत गेले. मालकांच्या मालिकेत कुणी मरत नसे. त्यांना ते सोसतच नसे. मारामारी पेटली की आजोबा यायचे, समजूत घालायचे, आणि भाग कुणीतरी काहीतरी खाऊन संपायचा.

मालकीणबाई हे सगळं ऐकत, विचार करत आणि मग लिहीत. "पाचव्या भागात आजोबांनी पोलीस बाईंना जो सल्ला दिला तो मला पटला नाही. वयाने मोठं असलं म्हणून काय झालं?" किंवा, "नातीचं स्थळ आजोबांनी परस्पर मोडलं. माझं आपलं एक मत, तिला विचारायला हवं होतं."

त्याखाली लोकांच्या प्रतिक्रियांचा पाऊस. पोट धरून हसलो. धन्य आहात. आजोबा अमर आहेत! मालकीणबाई ते मालकांना वाचून दाखवत आणि म्हणत, "बघा, माझी भाषा थोडी मिश्कील आहे ना, म्हणून हसतात. आणि आजोबांवर किती जीव आहे लोकांचा!"

"असणारच," मालक म्हणत. त्यांना आतून गुदगुल्या व्हायच्या. जन्मात पहिल्यांदा त्यांची कुठलीतरी गोष्ट लोक आवडीने वाचत होते, मग ती बायकोच्या नावावर का असेना.

आणि मग वाचनालयाचं बोलावणं आलं. चौकातल्या वाचनालयाच्या सभागृहात "मागचा जिना"ची लेखिका येणार होती. तिच्याशी गप्पा मारायला कोण हवं, असं विचारल्यावर तिने म्हणे स्वतःच सांगितलं, "त्या पाववाल्या बाई. त्यांचं लिखाण मी कधीच चुकवत नाही." मालकीणबाई दिवसभर हवेत होत्या. दोन ट्रे पाव करपले आणि त्या म्हणाल्या, असू दे. मालकांनी त्यांच्या तोंडून करपलेल्या पावाला "असू दे" कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा औषधवाला पाव घ्यायला आला. तो ब्लॉगचा जुना वाचक. पैसे पुढे करत तो म्हणाला, "मालक, वहिनींचं डोकं म्हणजे कमाल आहे. पहिल्याच भागात जिन्यावरून ढकलून मारलेला माणूस, आणि वहिनी त्याला प्रत्येक भागात फिरवतात, सल्ले द्यायला लावतात, स्थळं मोडायला लावतात! असं सुचतं कसं?"

मालकांच्या हातातला चिमटा खाली पडला.

"कोण मेलं?"

"आजोबा हो! त्यांचा खून कुणी केला हीच तर सगळी मालिका आहे."

औषधवाला हसत हसत निघून गेला. मालकांनी चिमटा उचलून पुसला. म्हणजे ते फोटो जिव्हाळ्यापोटी नव्हते तर! म्हणजे लोक बायकोच्या भाषेला हसत नव्हते. म्हणजे येत्या शनिवारी त्यांची बायको भरल्या सभागृहात, लेखिकेच्या तोंडावर, मेलेल्या माणसाच्या स्वभावातल्या उणिवा सांगणार होती, तीही अगदी मनापासून. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

सांगून टाकायला हवं, हे त्यांना कळत होतं. ते आत गेले. मालकीणबाई भट्टीच्या चकचकीत दारात स्वतःला बघत उभ्या होत्या आणि दाराशी बोलत होत्या, "आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी लहानपणापासूनच स्पष्ट." मालकांना पाहून त्या लाजल्या. म्हणाल्या, "अहो, आयुष्यात मला कुणी मत विचारलं नाही. मीच आपली सांगत फिरले. आता पहिल्यांदा कुणीतरी बोलावून विचारतंय." मालकांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि मैद्याचं पोतं उचलून ते दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. तिथे ते नको होतं. मग परत आणलं.

दुसरा उपाय म्हणजे मालिका खरोखर बघायची आणि तिला हळूहळू खरं सांगून तयार करायचं. मालकांनी भर दुपारी फोन घेऊन कोठारात बसून पाहिलं. बसल्या बसल्या झोपले. मग उभं राहून पाहिलं. पोत्यांना टेकून झोपले. मग दाताखाली हिरवी मिरची धरून पाहिलं. मिरची खाऊन संपली, डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि त्या पाण्यासकट झोपले. आजोबा जिना उतरायला लागले की यांचे डोळे मिटायचे. जणू तो जिना यांच्याच डोळ्यांवरून खाली जात होता.

शुक्रवारी शेवटचा भाग झाला. शनिवारी पहाटे मालकीणबाईंनी विचारलं, "मग काय झालं हो? आज नीट सांगा. संध्याकाळी बोलायचंय मला."

घोडामैदान आता अगदी समोर होतं. मालकांनी मनाशी हिशेब केला. तिकडे आजोबा मेलेले आहेत. इकडे जिवंत आहेत. इकडेही एकदाचे मेले म्हणजे दोन्ही बाजू जुळतील, निदान बोलता बोलता फार चुकायचं नाही. हा हिशेब मूर्खपणाचा होता, हे तुम्हाला मला कळतं. पण घाबरलेल्या माणसाला हिशेब जमला एवढंच पुरतं.

"आजोबा गेले," ते म्हणाले.

मालकीणबाईंचे हात पिठात थांबले. "कुठे?"

"गेले म्हणजे... गेले. मागच्या जिन्यावरून पडले."

मग मैद्याच्याच हाताने त्यांनी डोळे पुसले आणि चेहऱ्यावर पांढरे पट्टे उठले. "इतके भाग ज्याने सगळ्यांना सांभाळलं, त्याला असं शेवटी मारायचं? लेखिकेला काही मन आहे की नाही? आज विचारतेच तिला. सगळ्यांसमोर विचारते!"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आतापर्यंत बायको गोड बोलायला जाणार होती. आता भांडायला जाणार होती.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. मालक पुढून तिसऱ्या रांगेत बसले, शेजारी औषधवाला. मालकांनी ठरवलं होतं की बायकोने तोंड उघडलं की आपण उठायचं आणि ओरडायचं: चूक माझी आहे, तिची नाही. अब्रू जाऊ दे, आपलीच जाऊ दे. हे वाक्य त्यांनी दिवसभर पोती उचलताना घोकलं होतं. पण वाचनालयाने नवीन खुर्च्या आणल्या होत्या. त्या मऊ होत्या. हवा गार होती. मग कुणीतरी दिवे मंद केले. आणि वेळ तर अशी, की एरवी मालक यावेळी पांघरुणात असत.

व्यासपीठावर मालकीणबाई नव्या साडीत ताठ बसल्या होत्या. लेखिका तरुण होती, हसरी होती. मालकीणबाईंनी माईक हातात घेतला आणि नमस्कारही न करता विचारलं, "आधी मला एक सांगा. आजोबांना का मारलंत?"

मालक उठायला गेले. निदान मनाने तरी गेले. कारण त्यांना यापुढचं जे आठवतं ते म्हणजे टाळ्या. डोळे उघडले तेव्हा लोक उभे होते, दिवे लागले होते आणि औषधवाला आपला खांदा चोळत होता. मालकीणबाईंभोवती गर्दी होती. घरी जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "चला, झोप आलीय मला." मालकांची विचारायची छाती झाली नाही.

पहाटे मात्र राहवलं नाही. पिठाच्या परातीशी उभं राहून, खाली बघत, मालकांनी विचारलं, "मग काय झालं?"

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पाणी ओतत सांगायला सुरुवात केली. "काय व्हायचंय? मी विचारलं, आजोबांना का मारलंत. तर लेखिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, चुकलं माझं. तेवढ्यात मागच्या रांगेतले दोघे भांडायला लागले, त्यांचा मी समेट केला. मग लेखिका म्हणाली, तुमच्याइतकं मला कुणी समजावलं नाही. मग आम्ही सगळे मिळून गरम पाव खायला गेलो."

"कुठे?" मालकांनी विचारलं. "आपलं दुकान तर बंद होतं."

"ते अजून कळायचंय," मालकीणबाई म्हणाल्या, आणि पिठाचा गोळा फळीवर असा आपटला की कोपऱ्यातली चाळण खाली आली.

मालक गार पडले. समेट. पाव. कुणी मेलं नाही. ही गोष्ट सांगायची रीत त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. आपली चोरी आपल्यालाच परत मिळाली, हे त्यांना कळलं. पण खरं काय झालं ते काही कळेना.

ते कळलं उजाडल्यावर, औषधवाला आला तेव्हा.

"मालक, तुम्ही काय झोपता हो! माझा खांदा अजून दुखतोय. वहिनींनी विचारलं, आजोबांना का मारलंत. लेखिका म्हणाली, अहो, ते तर पहिल्याच भागात गेले. सगळे हसले. आम्हाला वाटलं, हा वहिनींचा नेहमीचा विनोद. पण वहिनी हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला. मग त्यांनी आमच्या रांगेकडे पाहिलं."

"माझ्याकडे?"

"तुमच्याकडेच. तुमचं डोकं माझ्या खांद्यावर, तोंड उघडं, आणि आवाज म्हणाल तर शेवटच्या रांगेपर्यंत. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. वहिनींनी पदर सावरला. मला वाटलं, आता उठून जातात की काय. मग माईकवर म्हणाल्या, मी तुमची मालिका पाहिलेलीच नाही. मला झोप येते. मला ती माझ्या नवऱ्याने सांगितली. त्यालाही झोप येते, हे मला आत्ता कळलं." औषधवाल्याने पाव पिशवीत ठेवले. "लेखिका म्हणाली, मग तुम्ही लिहीत होतात ती गोष्ट कुणाची? तर वहिनी म्हणाल्या, त्यांची. आणि माझं आपलं एक मत, ती तुमच्यापेक्षा चांगली आहे. तिच्यात कुणी मरत नाही. टाळ्या म्हणजे किती! लेखिकाच आधी उभी राहिली."

मालकांनी त्याला सुटे पैसे द्यायचे होते, ते न देताच ते आत निघाले. औषधवाला हाका मारत राहिला.

मालकीणबाई पाठमोऱ्या उभ्या राहून गोळे तोडत होत्या. मालक दाराशी थांबले. त्यांना रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. "मी तुला फसवलं," ते म्हणाले. "आधी बढाई मारली म्हणून, आणि मग तुला आवडायला लागलं म्हणून. चार लोकांत तुला खाली बघायला लावलं. चुकलो मी."

"फसवलंत ते बघून घेईन मी," मालकीणबाई वळून न बघता म्हणाल्या. "त्याला आयुष्य पडलंय. लोक हसले तेही चालेल, मीही लोकांना कमी हसलेली नाही." त्यांचे हात थांबले. "पण आजोबांना का मारलंत हो? लेखिकेने मारलं तर मारलं, तिचा धंदाच तो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुमचे तर चांगले जिवंत होते. दिवसभर डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं माझ्या."

मालक परातीशी येऊन उभे राहिले.

"परत आणा त्यांना," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. मळता मळता. आज दुपारी मला लिहायचंय, आणि खाली तुमचं नाव घालायचंय."

मालकांनी बाह्या वर केल्या. परातीतलं पीठ दोन्ही हातांनी ओढून घेतलं, उलटवलं, दाबलं. भट्टीची धग पाठीला लागत होती. त्यांनी घसा साफ केला.

"त्याचं झालं असं," ते म्हणाले, "आजोबा मेलेच नव्हते. जिन्यावर त्यांना झोप लागली होती."